‘कॅप्टन ब्लड’ : चांचेगिरीची कथा आणि गुलामगिरीचा इतिहास

समुद्रावरील चांचांच्या कथा या मुलांनीं वाचावयाच्या व प्रौढांनीं विसरावयाच्या, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. चांचा म्हटला कीं डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट आणि पुरलेल्या खजिन्याचा नकाशा एवढी सामग्री पुरेशी होते. तेथें इतिहासाचें काय काम, असें कोणी विचारल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु ज्यांस इतिहासग्रंथ उघडण्याची संवय नसते, त्यांच्या मनांतील इतिहास बहुधा कादंबऱ्यांनीं व बोलपटांनींच घडविलेला असतो. आणि ज्यांस ती संवय असते, त्यांच्याही मनांतील चित्रें ग्रंथांतून आलीं कीं पडद्यावरून आलीं, हें पुष्कळदां त्यांचें त्यांस सांगतां येत नाहीं. म्हणून एखादी लोकप्रिय कथा घेऊन तिच्यांत इतिहास किती, कल्पना किती, आणि कथेच्या झगमगाटांत काय झांकून गेलें, हें तपासून पाहणें निष्फळ ठरूं नये. ‘कॅप्टन ब्लड’ हा प्रसिद्ध अमेरिकन बोलपट व ज्या कादंबरीवरून तो रचला गेला ती कादंबरी, यांची अशी तपासणी करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

या कादंबरीचा कर्ता राफाएल साबातिनी. त्याचा जन्म १८७५ सालीं इटलींतील येझी या गांवीं झाला. बाप इटालियन, आई इंग्लिश, आणि दोघेंही संगीत-नाटकांतील गायक. अनेक भाषा अवगत असतां त्यानें लेखनासाठीं आईची भाषा पत्करली. पुष्कळ वर्षें लिहूनही त्याच्या वांट्यास विशेष कीर्ति आली नव्हती. १९२१ सालीं ‘स्कारामूश’ व १९२२ सालीं ‘कॅप्टन ब्लड’ या दोन कादंबऱ्यांनीं मात्र त्याचें नांव घरोघर पोंचविलें. १९२४ सालीं व्हायटाग्राफ कंपनीनें ‘कॅप्टन ब्लड’चा मूकपट काढला. पुढील वर्षीं ती कंपनी वॉर्नर ब्रदर्सनें विकत घेतली, आणि १९३५ च्या डिसेंबरांत त्याच कथेचा बोलपट जगापुढें आला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हा मूळचा हंगेरियन. नायकाचें काम प्रथम रॉबर्ट डोनॅट या नामांकित नटास द्यावयाचें होतें; तें न जमल्यामुळें टास्मानियांत जन्मलेल्या व तोंपर्यंत जवळजवळ अज्ञात असलेल्या एरल फ्लिन या तरुणास तें मिळालें. नायिका ऑलिव्हिया डी हॅविलंड हिचें वय तेव्हां अवघें १९ वर्षांचें होतें. संगीतकार एरिख कोर्नगोल्ड हा व्हिएन्ना येथील विख्यात रचनाकार. त्यास जेमतेम तीन आठवड्यांची मुदत मिळाली, म्हणून कांहीं भाग त्यानें लिस्टच्या रचनेंतून घेतला, आणि तेवढ्यासाठीं पडद्यावर आपणांस संगीताचा कर्ता न म्हणतां केवळ योजक म्हणावें असा आग्रह धरला. असा प्रामाणिकपणा त्या धंद्यांत विरळाच.

कथा थोडक्यांत अशी. पीटर ब्लड नांवाचा आयरिश वैद्य इंग्लंडच्या पश्चिम भागांतील एका गांवीं शांतपणें राहत आहे. १६८५ सालीं राजाविरुद्ध बंड होतें. ब्लड बंडांत पडत नाहीं. परंतु एका जखमी बंडखोरावर उपचार करण्यास जातो आणि तेवढ्या अपराधास्तव राजद्रोही ठरतो. फांशीऐवजीं त्यास वेस्ट इंडीज बेटांत पाठवून गुलाम म्हणून विकण्यांत येतें. कादंबरींत हें बेट बार्बाडोस आहे; बोलपटांत जमेका. तेथें कर्नल बिशप नांवाच्या क्रूर मळेवाल्याच्या ताब्यांत तो दिवस काढतो, त्याच्या पुतणीवर अनुरक्त होतो, आणि स्पॅनिश लोकांनीं गांवावर हल्ला केला असतां त्यांचेंच जहाज हस्तगत करून सोबत्यांसह निसटतो व चांचा बनतो. पुढें राजा बदलतो. नव्या राजाकडून माफी येते. ब्लड फ्रेंचांशीं लढून इंग्लंडची सेवा करतो आणि अखेर जमेकाचा गव्हर्नर होतो. समुद्रकांठच्या वाळूवर फ्लिन व बॅसिल रॅथबोन यांचें जें तरवारींचें द्वंद्व झालें, त्याची आठवण जुने प्रेक्षक अद्यापि काढतात.

आतां या कथेंतील इतिहास पाहूं. दुसरा चार्ल्स राजा १६८५ च्या फेब्रुवारींत मरण पावला व त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला. जेम्स हा कॅथॉलिक, प्रजा बहुतांशीं प्रॉटेस्टंट. चार्ल्सचा अनौरस पुत्र ड्यूक ऑफ मन्मथ यानें ही संधि साधली. ११ जून रोजीं तो ऐशींएक माणसांनिशीं लाइम रीजिस बंदरांत उतरला. विणकर, कारागीर, शेतमजूर असे हजारों लोक त्यास मिळाले. शस्त्रें पुरेनात म्हणून कित्येकांनीं काठ्यांस विळ्यांचीं पातीं बांधलीं. टॉन्टन येथें त्यानें स्वतःस राजा म्हणवून घेतलें. ६ जुलैच्या पहांटे सेजमूरच्या दलदलीच्या माळावर राजाच्या कवाइती सैन्यानें या भोळ्या सेनेचा चुराडा केला. इंग्लंडच्या भूमीवर झालेली ही शेवटची मोठी लढाई असें पुष्कळ ग्रंथकार म्हणतात. मन्मथ पकडला गेला आणि १५ जुलै रोजीं लंडन येथें त्याचा शिरच्छेद झाला; जॅक केच या मारेकऱ्यास एका घावांत तें काम साधलें नाहीं.

खरा सूड पुढेंच होता. त्या वर्षाच्या शरदृतूंत मुख्य न्यायाधीश जॉर्ज जेफ्रीझ हा पश्चिमेकडील परगण्यांत फिरून खटले चालवूं लागला. वय चाळीस, बुद्धि तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण, आणि जडलेल्या व्याधीच्या वेदनांनीं स्वभाव अधिकच तापलेला. विंचेस्टर येथें लेडी ॲलिस लाइल या वृद्ध विधवेवर आरोप एवढाच कीं तिनें पळून आलेल्यांस घरांत आसरा दिला. २ सप्टेंबर रोजीं तिचें मस्तक उडविण्यांत आलें. यावरून साबातिनीच्या नायकावरील आरोप हें केवळ कवीचें कौशल्य नव्हे, हें दिसून येईल. सुमारें तीनशें लोक फांशीं गेले. त्यांच्या देहांचे तुकडे मीठ व डांबर यांत उकळून गांवोगांवच्या चव्हाट्यांवर टांगण्यांत आले. मेकॉलेनें आपल्या इतिहासांत हें प्रकरण ज्या आवेशानें रंगविलें आहे, तो आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनीं अनुभवला आहे. मेकॉले हा एका पक्षाचा वकील होता, हें खरें. परंतु फांशांचे आकडे वकिलीनें वाढविलेले नाहींत.

आणि जे फांशीं गेले नाहींत, त्यांचें काय झालें? येथें आपल्या विषयाचा गाभा आहे. आठशेंहून अधिक कैद्यांस दहा वर्षांच्या सक्तमजुरीसाठीं वेस्ट इंडीज बेटांत पाठविण्याची शिक्षा झाली. राजानें हे कैदी आपल्या मर्जींतील दरबाऱ्यांस बक्षीस म्हणून वांटून दिले. राणीच्या वांट्यासही शंभरएक आले. एकेका कैद्याची किंमत दहा ते पंधरा पौंड येईल, असें खुद्द जेफ्रीझनें राजास पत्र लिहून कळविलें होतें. न्यायासन व बाजार यांमधील भिंत अशी पडल्यावर दयेचाही भाव ठरूं लागला. टॉन्टनच्या ज्या शाळकरी मुलींनीं मन्मथास निशाणें भरून दिलीं होतीं, त्यांच्या आईबापांकडून दंड उकळण्याचा हक्क राणीच्या सख्यांस मिळाला. बोलपटांत ब्लडचा लिलांव दहा पौंडांवर थांबतो. तो आकडा काल्पनिक वाटला तरी बाजारभावास धरून आहे.

साबातिनीनें ही कथा हवेंतून निर्माण केली नाहीं. हेन्री पिटमन नांवाचा एक शस्त्रवैद्य मन्मथच्या सैन्यांत सांपडला होता. त्यानें हत्यार धरलें नव्हतें. दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार केले होते. कबुली दिल्यास दया होईल असें सांगून कैद्यांकडून गुन्हा वदविण्यांत आला, व ज्या थोड्यांनीं निरपराधित्वाचा आग्रह धरला त्यांस तत्काळ लटकवून इतरांस धडा घालून देण्यांत आला, असें तो लिहितो. पिटमनच्या आप्तांनीं जॉर्ज पेन नांवाच्या दलालास साठ पौंड दिले. बार्बाडोसला पोंचतांच त्यास मोकळें करावयाचें असा करार होता. पैसे गेले, सुटका झाली नाहीं. तेथें त्यास ज्या धन्याच्या हवालीं केलें, त्याचें नांव रॉबर्ट बिशप. या बिशपनें एकदां वेतानें मारून त्यास भर उन्हांत खोड्यांत अडकवून ठेवलें. कर्नल बिशप हें नांव कोठून आलें, हें आतां वाचकांस सांगावयास नको. पळून जाण्यासाठीं नांव विकत घेण्याच्या कामीं पिटमनला नट्हॉल नांवाच्या कर्जबाजारी लांकूडकाम्यानें मदत केली; कादंबरींत तेंच काम करणारा नट्टल नांवाचा सुतार आहे. १६८७ च्या मे महिन्यांत, बेटावर पाहुणा आलेल्या दुसऱ्या एका गव्हर्नराची मेजवानी चालली असतां, पिटमन व त्याचे सोबती गळक्या उघड्या नांवेंतून निघाले आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यानजीकच्या एका ओसाड बेटास लागले. तेथें त्यांची खऱ्या चांचांशीं गांठ पडली. चांचांनीं त्यांची नांव जाळून टाकली. महिन्या-महिन्यांचा वनवास घडला. कांसवांच्या मांसावर दिवस निघाले. १६८९ सालीं पिटमन इंग्लंडांत परतला आणि त्याच वर्षीं त्यानें आपल्या हालअपेष्टांची हकीकत छापली.

पिटमन चांचा झाला नाहीं, आणि गव्हर्नर तर नाहींच नाहीं. उत्तरार्धासाठीं साबातिनीनें दुसरा मनुष्य शोधला, तो हेन्री मॉर्गन. हा वेल्समधील साहसी. माराकाइबोच्या खाडींत कोंडला गेला असतां पेटतें जहाज शत्रूवर सोडून व हुलकावणी देऊन तो निसटला, तो १६६९ चा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा ब्लडच्या नांवावर कादंबरींत चढला आहे. १६७१ सालीं मॉर्गननें पनामा शहर लुटलें. त्यापूर्वींच इंग्लंड व स्पेन यांचा तह झालेला होता, म्हणून त्यास लंडनला नेण्यांत आलें. परंतु शिक्षेऐवजीं १६७४ सालीं त्यास ‘सर’ ही पदवी व जमेकाचें नायब-गव्हर्नरपद मिळालें. त्याच्या टोळींतील एक्स्केमेलिन नांवाच्या वैद्यानें चांचांचा वृत्तांत लिहिला, तो १६७८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें डच भाषेंत व १६८४ सालीं इंग्रजींत निघाला. मॉर्गननें लंडनच्या प्रकाशकांवर अब्रूनुकसानीची फिर्याद लावली व १६८५ सालीं ती जिंकली. गंमत अशी कीं, आपण लहानपणीं मुदतीचा विकलेला चाकर म्हणून बेटांवर आलों, हें विधानही त्याच्या मनास फार झोंबलें होतें. ज्या वर्षीं आठशें इंग्रज विकले गेले, त्याच वर्षीं एक इंग्रज सरदार आपण कधींही विकलों गेलों नाहीं हें न्यायालयाकडून वदवून घेत होता!

येथवर पाहिलें तर बोलपट व कादंबरी यांस इतिहासाचे पुष्कळ गुण द्यावे लागतील. आणखी एक उदाहरण घ्या. बोलपटांत पळून गेलेल्या एका कैद्यास पकडून त्याच्या तोंडावर तापल्या लोखंडानें दोन अक्षरें उमटवितात. तीं ‘फरारी राजद्रोही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें. ही केवळ अंगावर शहारे आणण्याची युक्ति असावी असें वाटतें. परंतु बार्बाडोसच्या कायदेमंडळानें या बंडखोरांसाठीं जो खास कायदा केला, त्यांत फटके, खोडा आणि कपाळावर हींच दोन अक्षरें डागणें अशी शिक्षा स्पष्टपणें सांगितलेली आहे. लहान तपशिलांत हॉलिवुड इतकें सत्यनिष्ठ असूं शकतें, हें मान्य केलेंच पाहिजे.

मग दोष कोठें? दोष जें दाखविलें त्यांत नसून जें वगळलें त्यांत आहे. १६८५ सालीं बार्बाडोस बेटावर सुमारें वीस हजार गोरे आणि त्यांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे शेंचाळीस हजारांच्या आसपास, आफ्रिकन गुलाम होते. उसाचे मळे, साखरेच्या भट्ट्या, बंदरावरील हमाली, सारें त्यांच्या श्रमावर चालत असे. मन्मथचे आठशें लोक या समुद्रांत मुठीएवढे होते. आणि तरी बोलपटांत गुलाम म्हणून आपल्या करुणेस पात्र होतात ते केवळ हेच गोरे. कथेचा भार वाहणारें एकही कृष्णवर्णीय पात्र तेथें नाहीं. प्रेक्षकास राग येतो तो असा कीं, निरपराध इंग्रजांस गुलामासारखें वागविलें. गुलामासारखें वागविलेलीं माणसें तेथें आधींपासून हजारोंनीं होतीं, हा विचार त्याच्या मनास शिवूं नये अशीच कथेची रचना आहे.

डागण्याचीच गोष्ट पुन्हां घेऊं. आफ्रिकेंतून माणसें आणून विकण्याचा मक्ता १६७२ सालीं रॉयल आफ्रिकन कंपनीस मिळाला. तिचा मुख्य अधिकारी होता ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढील दुसरा जेम्स राजा, आपल्या कथेंतील खलपुरुष. या कंपनीच्या गुलामांच्या छातीवरही दोन अक्षरें डागीत. तीं त्या ड्यूकच्या पदवीचीं आद्याक्षरें. ब्लडच्या सोबत्यास डाग मिळाला तो पळाल्यावर. आफ्रिकनास मिळे तो काहींएक न करतां, विकला जाण्यापूर्वींच. पहिला डाग पडद्यावर ठळक दिसतो. दुसरा कोणासही दिसत नाहीं.

चांचांच्या करारनाम्याचेंही तसेंच. एक्स्केमेलिननें त्यांचे नियम नमूद केले आहेत. लढाईंत उजवा हात गेल्यास स्पॅनिश रुप्याचीं सहाशें नाणीं, डावा हात किंवा उजवा पाय गेल्यास पांचशें, डावा पाय गेल्यास चारशें, डोळा गेल्यास शंभर. कामकऱ्यास इजेबद्दल भरपाई देण्याचें तत्त्व येथें स्पष्टपणें मान्य झालेलें दिसतें. म्हणून चांचांच्या समतेचें कौतुक करणारे लेखक हा उतारा आवडीनें देतात. बोलपटांतही हातापायांचे हे आकडे वाचून दाखविले जातात. परंतु मूळ ग्रंथांत प्रत्येक आकड्यापुढें एक पर्याय आहे. उजव्या हाताबद्दल सहाशें नाणीं किंवा सहा गुलाम. डाव्या हाताबद्दल पांचशें नाणीं किंवा पांच गुलाम. डोळ्याबद्दल शंभर नाणीं किंवा एक गुलाम. एका डोळ्याची भरपाई म्हणजे एक सबंध मनुष्य! पडद्यावर नाणीं राहिलीं, माणसें गळलीं.

कोणी म्हणेल, हा त्या काळाचा धर्म होता. ब्लडच्या जागीं असलेल्या माणसांनीं तरी दुसरें काय केलें असतें? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर अनुमानानें देण्याची गरज नाहीं. त्या ओसाड बेटावर असतां पिटमननें चांचांकडून एक मनुष्य विकत घेतला. तो मुख्य भूमीवरून धरून आणलेला तेथील मूळचा रहिवासी होता. मासे पकडून देण्याच्या कामीं तो उपयोगी पडेल म्हणून पिटमननें त्याच्याबद्दल तीस नाणीं मोजलीं. हें त्यानें स्वतःच्या पुस्तकांत, कोणतीही लाज अगर खंत न दाखवितां, लिहून ठेवलें आहे. जो मनुष्य स्वतः विकला गेला होता, उन्हांत खोड्यांत बसला होता, आपल्या विक्रीचा अन्याय जगास कळावा म्हणून ज्यानें लेखणी हातीं घेतली, त्यानेंच मोकळें होतांच पहिल्या संधीस दुसरा मनुष्य विकत घेतला. माझ्या मतें या सबंध प्रकरणांतील सर्वांत उद्बोधक गोष्ट हीच होय. साबातिनीनें पिटमनचें पुस्तक इतक्या बारकाईनें वापरलें कीं धन्याचें आडनांवही सोडलें नाहीं. हा प्रसंग मात्र त्यानें आपल्या नायकाच्या वांट्यास येऊं दिला नाहीं. नायक करावयाचा तर तो देतां येत नाहीं, हें त्या कसबी लेखकानें ओळखलें होतें.

दुसरें उदाहरण अझाराया पिनी याचें. हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा मन्मथच्या बंडांत सांपडला. बहिणीनें पासष्ट पौंड भरून त्यास मजुरीच्या शिक्षेंतून सोडविलें, व तो नेव्हिस बेटांत गेला. तेथें तो स्वतः मळेवाला झाला, आणि त्याच्या घराण्यानें उंसावर व गुलामांवर अलोट संपत्ति मिळविली. शंभर वर्षांनीं त्या इस्टेटीचा वारस जॉन पिनी यानें ब्रिस्टल शहरांत वाडा बांधला; त्याच्याबरोबर पेरो नांवाचा गुलाम आला होता, ज्याच्या नांवानें १९९९ सालीं त्या शहरांत एक पूल उघडण्यांत आला. याच जॉन पिनीच्या डॉर्सेटमधील रेसडाउन येथील घरांत कवि वर्ड्‌स्वर्थ आपल्या बहिणीसह १७९५ पासून १७९७ पर्यंत भाड्यावांचून राहिला. निसर्गाच्या व सामान्य मनुष्याच्या थोरवीचा हा गायक ज्या छपराखालीं पुन्हां उभारीस आला, त्या छपराचे वांसे नेव्हिसच्या साखरेचे होते. राजद्रोही कैद्यापासून कवीच्या आश्रयदात्यापर्यंत ही सांखळी एक सलग आहे.

बोलपटाचा शेवट १६८८ च्या राज्यक्रांतीवर उभारलेला आहे. जेम्स पळाला, विल्यम आला, अन्याय संपला, असें ऐकतांच ब्लडच्या जहाजावर जयघोष होतो. मन्मथच्या उरलेल्या लोकांची मुक्तता विल्यमच्या कारकीर्दींत झाली, हें खरें. मळेवाल्यांनीं त्यांतही टाळाटाळ केली. जेफ्रीझ खलाशाच्या वेषांत पळतांना पकडला जाऊन १६८९ सालीं कैदेंत मेला, हेंही खरें. परंतु आफ्रिकनांच्या दृष्टीनें या क्रांतीचा अर्थ काय झाला? राजाच्या मर्जींतील कंपनीचा मक्ता हा जुलूम आहे, व्यापार हा प्रत्येक स्वतंत्र इंग्रजाचा हक्क आहे, अशी ओरड सुरू झाली. १६९८ सालीं पार्लमेंटनें कायदा करून दहा टक्के जकात भरणाऱ्या कोणाही व्यापाऱ्यास आफ्रिकेचा व्यापार खुला केला. परिणाम असा कीं गुलामांनीं भरलेल्या इंग्रजी जहाजांची संख्या कमी न होतां वाढली, आणि पुढील शतकांत या धंद्यांत ब्रिटिशांचा हात धरणारें राष्ट्र क्वचित् राहिलें. एकाचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या बेडीस कारण झालें. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी उठविणारा कायदा १८३३ सालीं झाला, तेव्हांही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती धन्यांस. गुलामांस एक पेनीही मिळाली नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. करमणुकीच्या बोलपटाकडून इतकी अपेक्षा कां करावी? दोन घटका मन रमविणें हेंच त्याचें काम नव्हे काय? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. बोलपट हा ताम्रपट नव्हे, आणि कर्टिझनें इतिहासाचें पाठ्यपुस्तक काढावयास हवें होतें असें माझें म्हणणें नाहीं. त्याच्या कृतीस जुलमाविषयींच्या खऱ्या तिटकाऱ्याचा स्पर्श आहे, हेंही नाकारतां येणार नाहीं. ज्या वर्षीं जर्मनींत ज्यूंचें नागरिकत्व कायद्यानें काढून घेण्यांत आलें, त्याच वर्षीं तो निघाला. त्याचें संगीत रचणारा कोर्नगोल्ड हा ज्यू, आणि १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यास मायदेशाचे दरवाजे बंद झाले. अशा लोकांच्या हातून घडलेली ही कथा हलकी म्हणतां येत नाहीं. परंतु नेमकें म्हणूनच तिची मर्यादा विचार करण्याजोगी आहे. जुलमाचा द्वेष प्रामाणिक असूनही दृष्टि अर्धी असूं शकते. आपणांसारख्या दिसणाऱ्या मनुष्याच्या पायांतील बेडी चटकन् दिसते. इतरांच्या पायांतील बेडी ही जणूं त्यांच्या पायांचाच एक भाग वाटते.

महाराष्ट्रीय वाचकास या प्रकरणांत आपला असा एक दुवा आहे. इंग्रज लेखकांनीं ‘चांचा’ हा शब्द ज्यांच्यासाठीं सढळ हातानें वापरला, त्यांत कान्होजी आंग्रे प्रमुख. शाहू महाराजांचा हा सरखेल कोंकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांस आपलें दस्तक घ्यावयास लावी व न घेतल्यास पकडी. पोर्तुगीज लोक हेंच काम त्याच्या पूर्वीं दोनशें वर्षांपासून करीत होते. परंतु त्यांस कोणी चांचे म्हटलें नाहीं. मुंबईचा गव्हर्नर बून यानें आंग्र्यांवर मोहिमा काढल्या, १७२१ सालीं पोर्तुगीजांच्या साह्यानें कुलाब्यावर स्वारी केली, आणि प्रत्येक वेळीं हात हलवीत परत यावें लागलें. तहानंतर परक्याचें शहर जाळणारा मॉर्गन ‘सर’ झाला. स्वतःच्या किनाऱ्यावर राज्याच्या अधिकारानें जकात मागणारा कान्होजी चांचा ठरला. सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारख्या संशोधकांनीं १९४१ सालीं कान्होजीच्या चरित्रावर पुस्तक लिहून हा कलंक कसा निराधार आहे हें दाखविलें, तें योग्यच झालें.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढून थांबणें बरें नव्हे. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनीं आमच्या पूर्वजांस जें तेज दिलें, त्याबद्दल आम्ही हरिभाऊ आपटे, नाथमाधव प्रभृतींचे ऋणी आहों. पण पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यांतील दळणकांडण करणाऱ्या त्या विकत घेतलेल्या स्त्रिया आमच्या कादंबऱ्यांतून कितीशा दिसतात? मशाल हातीं धरून उभी राहण्यापुरती एखादी येते, आणि निघून जाते. त्यांचीं नांवें, त्या कोठून आल्या, त्यांस कोणीं विकलें, हें विचारण्याचें आम्हांस सुचत नाहीं. आमच्या विजयांचा आनंद खरा आहे. ब्लडच्या सोबत्यांचाही खराच होता.

पिटमनची हकीकत १६८९ सालीं छापली गेली. बार्बाडोसच्या बाजारांत उभ्या केलेल्या आफ्रिकनाची हकीकत त्याच्याच तोंडून इंग्रजी वाचकांपुढें मोठ्या प्रमाणावर आली ती ओलौदा इक्विआनोच्या आत्मचरित्रानें, १७८९ सालीं. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं. पिटमनला आप्त होते, साक्षरता होती, धर्मबंधु होते, आणि त्याच्या पक्षाचा राजा गादीवर आला होता. म्हणून त्याची कथा वर्षभरांत छापून निघाली, मेकॉलेच्या काळापर्यंत टिकली, साबातिनीच्या हातीं पडली व अखेर पडद्यावर चढली. दुसऱ्यास यांपैकीं कांहींच नव्हतें. इतिहासांत कोणाचें दुःख लक्षांत राहावें, हें दुःखाच्या प्रमाणावर ठरत नसून सांगणाऱ्याच्या साधनांवर ठरतें.

‘कॅप्टन ब्लड’ अजूनही पाहण्याजोगा आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीं तो आवर्जून पाहावा असें मी त्यांस सांगत असतों. शिडें फुगावींत, तोफा धडाडाव्यात, वाळूवर तरवारी खणखणाव्यात; त्यांत कांहीं पाप नाहीं. मात्र लिलांवाचा देखावा चालूं असतां त्यांनीं क्षणभर नायकावरून नजर काढून त्या बाजाराच्या कडेकडे पाहावें, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत जाऊन त्या कडेला कोण उभे होते तें शोधावें. इतिहासाच्या अध्यापकास याहून अधिक कांहीं मागावयाचें नसतें.